पाहता आले नाही

६ मार्च २०१६, रविवार

ही डायरी बेव्हने दिली. घरं विकून देणाऱ्या एजंट बायका कनेटिकटमध्ये दरवर्षी गावभर असल्या डायऱ्या वाटतात. प्रत्येक महिन्याच्या डोक्यावर बेव्हचा हसरा फोटो आहे. मार्चमध्ये तिच्या हातात छत्री दिली आहे. आजवरच्या डायऱ्या मी कपाटात टाकत आले. यंदाची काढली, कारण यंदा घर विकायचं आहे आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवलेलं बरं. टाऊन हॉलमध्ये लोकांची खरेदीखतं नोंदवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे तोंडी बोलण्यावर माझा भरवसा नाही.

चेट गेला त्याला या वसंतात दोन वर्षं होतील. माझे गुडघे कामातून गेले आहेत. मोनिक, आमची मुलगी, नॉर्थ कॅरोलायनात असते. तिने स्वयंपाकघराला लागून माझ्यासाठी खोली बांधून ठेवली आहे आणि फोनवर रोज एकच टुमणं, "आई, बर्फ उपसायचं वय आहे का आता तुझं?" जायचं तर हे घर विकूनच जायला हवं. माझ्या नावावर दुसरं काही नाही.

इतकी वर्षं मीच हे घर सोडून कुठे जायचं म्हटलं की मोनिक "बघू, बघू" करायची. आता तिलाच घाई.

१५ मार्च

बेव्ह फॉर्म घेऊन आली. घरात काय बिघडलंय ते विकणाऱ्याने त्यात खरंखरं सांगायचं असतं. छत, नळ, वाळवी, पाया. प्रत्येकापुढे तीन चौकोन, ‘होय’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’.

"भरायलाच हवा असं नाही हं," बेव्ह म्हणाली. "घेणाऱ्याला पाचशे डॉलर सूट दिली की कायद्याचं समाधान होतं. पुष्कळजण तेच करतात."

"मी जन्मभर लोकांचे फॉर्म तपासले," मी म्हटलं, "आणि माझ्यावर वेळ आल्यावर पैसे फेकून पळू? आण इकडे."

भराभर खुणा करत गेले. पायाच्या ओळीवर आले तेव्हा बेव्ह खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"टेस्ट केली आहेस का तू?"

"नाही."

"मग तुला माहीत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, क्लॉडेट."

इकडे आता कोणीच टेस्ट करत नाही. आमच्या भागात ऐंशीच्या दशकापासून जी घरं झाली, त्यांतल्या कितीतरींच्या काँक्रीटमध्ये खराब खडी गेली आहे. त्या खडीत लोहाचं कसलंसं खनिज असतं, ते पाण्याने हळूहळू फुगतं आणि पाया आतून फुटत जातो. वीसेक वर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा उपाय एकच, अख्खं घर जॅकवर उचलायचं आणि खाली नवा पाया ओतायचा. विमा कंपन्या हात वर करतात. टेस्टमध्ये निघालं तर ‘होय’वर खूण करावी लागते, आणि ‘होय’ लिहिलेलं घर कोणी फुकटसुद्धा घेत नाही. म्हणून शहाणी माणसं टेस्टच करत नाहीत.

मी ‘माहीत नाही’वर खूण केली. सही नेहमीसारखी सरळ आली.

संध्याकाळी मोनिकचा फोन आला. "पायापुढे काय लिहिलंस?"

"माहीत नाही असं."

"बरोबर. आणि खरंच तुला माहीत नाही ना? आई? नाहीच माहीत तुला."

माझी स्मरणशक्ती चालली असं तिला वाटतंय बहुतेक. जरा चिडूनच फोन ठेवला.

१९ मार्च, शनिवार

बेव्हच्या सांगण्यावरून तळघर आवरलं. अर्धं तळघर म्हणजे माझी शिवणाची खोली. मोनिकच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, त्या एका हिवाळ्यात चेटने ती एकट्याने केली. भिंतीवर खालपासून वरपर्यंत लाकडी पॅनेल, खाली गालिचा. माझा भाऊ मदतीला आला होता, त्याला चेटने दारातून परत पाठवलं. मला तर खाली पाऊलच टाकू देत नव्हता. म्हणे, झाल्यावर बघ. त्याच वर्षी शरद ऋतूत गावात पहिलं घर जॅकवर चढलं होतं आणि चेट कामावरून सुटला की रोज तिथे जाऊन उभा राहायचा. पुरुषांना यंत्रं बघायला आवडतात. घरी आला की जेवणभर गप्प, आणि मग थेट खाली.

एवढं प्रेमाने केलं, पण त्यानंतर घरावर एक डॉलर खर्च करायला तो तयार होईना. मला मागच्या बाजूला काचेची खोली हवी होती, तर नाही म्हणाला. मोनिकच्या लग्नाला घरावर कर्ज काढू म्हटलं, तर "बँकेचा माणूस माझ्या घरात येऊन मोजमापं घेणार नाही" म्हणून ओरडला. चिक्कू होताच तो आधीपासून.

बॉयलरच्या कोपऱ्यात तेवढं त्याने पॅनेल लावलं नाही, दुरुस्तीवाल्याला जागा लागते म्हणून. तिथे उघड्या भिंतीवर बारीक रेघा आहेत, नकाशात नद्या काढतात तशा. गेल्या हिवाळ्यात एवढ्या नव्हत्या. तीस वर्षांच्या घराला रेघा असायच्याच. माझ्या तोंडावर काय कमी आहेत!

जुनं सामान विकायचंय. मे महिन्यात अंगणात मांडून टॅग-सेल करीन. तोवर खोके कुठेतरी ठेवायलाच हवेत, म्हणून बॉयलरच्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवले. बाकी जागाच कुठे होती?

२६ मार्च, पवित्र शनिवार

ईस्टरच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद घ्यायला चर्चला गेले. मी फ्रेंचांची लेक, पण चाळीसहून जास्त वर्षं पोलिश सासरची टोपली भरते आहे, त्यामुळे माझ्या लोण्यातून कोरलेल्या कोकराला कोणी नावं ठेवत नाही. अंडी, किल्बासा सॉसेज, हॉर्सरॅडिश, राय ब्रेड. सगळ्यांनी लांब टेबलावर टोपल्या मांडल्या. पॉलिनची टोपली टेबलाच्या टोकाला होती आणि तिच्या शेजारची जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत नेमकी तेवढीच.

पॉलिन आमच्या पलीकडच्या घरात राहते. तिने टेस्ट केली, ‘होय’ निघालं, आणि ते पोटात ठेवायचं सोडून वर्तमानपत्रात फोटो छापून आणला, भिंतीच्या फटीत पेन्सिल खुपसलेला. त्या दिवसापासून आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या घराची किंमत गेली. मी तिच्याशी वर्षभर बोललेले नाही. आज मात्र माझ्या टोपलीला जागा तेवढीच उरली होती.

तिने हसून सरकून घेतलं. "घाबरू नकोस, क्लॉडेट. माझ्या अंड्यांचा तडा तुझ्या अंड्यांना लागायचा नाही."

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, ते दोन्ही टोपल्यांवर पडलं.

९ एप्रिल, शनिवार

घर बघायला एक जोडपं आलं, यादिरा आणि नेल्सन. पोर्तो रिकोचे. विलिमँटिकला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, तो बेकरीचा ट्रक चालवतो. याआधी आलेल्या लोकांनी संडासात डोकावून भिंतींचे रंग बदलायच्या गोष्टी केल्या. यादिराने तसलं काही केलं नाही. ती तळघरात उतरली, शिवणाच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही आईची खोली. बाहेरचं दार तिला थेट अंगणात काढेल. एकही जिना नाही."

तिची आई तिसऱ्या मजल्यावरून महिना महिना खाली उतरत नाही म्हणे. गुडघे.

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने स्वतः केली आहे ही खोली."

"कळतंच ते," ती पॅनेलवरून हात फिरवत म्हणाली. "किती निगुतीने केलंय!"

निघताना नेल्सनने विचारलं, "तुम्हाला हे सोडून जाताना वाईट नाही का वाटणार, मिसेस बिएलाक?" मला इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. वाटेल, म्हटलं.

१२ एप्रिल

त्यांची बोली आली. बेव्ह फोनवर किंचाळत होती. मोनिक रडली. मी सूप गरम केलं आणि उभ्याउभ्याच प्यायले.

२० एप्रिल, बुधवार

आज तपासणी झाली. घेणाऱ्यांनी पैसे देऊन आणलेला तपासनीस, रसेल पाइक नावाचा. उंच, वाकलेला, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा. खरं तर अशा वेळी मालकाने घरात थांबू नये असं बेव्ह म्हणाली होती. मी थांबले.

"किती सालचं घर, मॅडम?"

"शहाऐंशी."

"हं," तो म्हणाला. हल्ली आमच्याकडे घराचं साल सांगितलं की माणसं ‘हं’ म्हणतात.

छतावर गेला, नळ सोडून पाहिले, विजेच्या पेटीत टॉर्च मारला. यादिरा वही घेऊन त्याच्या मागेमागे, नेल्सन तिच्या मागे. तळघरात उतरल्यावर त्याने पॅनेलवर बोटाने टकटक केलं, ओल मोजायचं यंत्र टेकवलं आणि तिच्याकडे वळला.

"माझं काम समजून घे, मुली. दिसतं तेवढं मी सांगतो. भिंत फोडत नाही, गालिचा उचलत नाही, दुसऱ्याच्या घरातली काडी हलवत नाही. कपडे न काढता तपासणारा डॉक्टर आहे मी. यामागे काय आहे ते मला सांगता येणार नाही. चांगलं आहे असंही नाही, वाईट आहे असंही नाही."

मग बॉयलरचा कोपरा. खोके त्याच्या खांद्यापर्यंत आले होते.

"यामागे काय?"

"भिंतच असणार," मी जिन्यावरून म्हटलं. "तळघर आहे." यादिरा हसली. मीही हसले.

रसेल हसला नाही. "हे बाजूला झाले असते तर बरं होतं. मला हात लावता येत नाही."

"माझे गुडघे बघताय ना," मी म्हटलं.

"मी हलवतो की," नेल्सन बाह्या सारत पुढे झाला. "पाच मिनिटांचं काम."

"नको, नको! काचसामान आहे त्यात."

नेल्सन थांबला. भला मुलगा आहे, दुसऱ्याच्या काचसामानाची त्याला काळजी. खोक्यांत मोनिकची शाळेची पुस्तकं आणि चेटची मासेमारीची मासिकं आहेत. एखादी बरणी असेल कुठेतरी.

रसेलने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण त्याला चष्मा आहे, नक्की सांगता येत नाही. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि ते सगळे बॉयलर तपासायला वळले.

२३ एप्रिल

बेव्हने रिपोर्ट वाचून दाखवला. छताच्या पन्हळी साफ करा, एक स्विच बदला. पाया: पॅनेल व रचलेल्या सामानामुळे पाहता आला नाही, सालाचा विचार करता इंजिनिअरकडून भोक पाडून नमुना तपासून घ्यावा असा सल्ला.

"आता ते परवानगी मागतील," बेव्ह म्हणाली. "द्यायची की नाही हा तुझा हक्क. मी सांगितलंय त्यांना की आणखी एक गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"आहे का?"

"असतंच कोणीतरी."

मी म्हटलं, चेटच्या हातच्या पॅनेलला भोकं पाडू देणार नाही. हे खरंच आहे. ते पॅनेल कोणी फोडलेलं मला बघवणार नाही.

दुपारी यादिराचा फोन आला. मला वाटलं रागावली असेल. उलट ती माझीच समजूत घालत होती. "मिसेस बिएलाक, आम्ही हट्ट नाही करणार. मला कळतं, नवऱ्याची आठवण आहे ती. आणि रिपोर्ट चांगलाच आलाय की! पायात तर त्यांना काही दिसलंच नाही."

दिसलं नाही आणि पाहता आलं नाही यात फरक आहे. टाऊन हॉलमध्ये असल्या एका शब्दावरून मी लोकांना खिडकीतून परत पाठवत असे. मी म्हटलं, "बरं झालं." फोन ठेवल्यावर ओटा पुसला. पुसलेलाच होता.

२ मे

यादिरा-नेल्सननी भाड्याची जागा सोडतो म्हणून मालकाला कळवलं. बेव्हने विचारलं, तुझ्या टॅग-सेलचं काय झालं, हवा तर इतकी छान पडली आहे. या वर्षी नको, म्हटलं. एवढं सगळं वर कोण आणणार.

शेवटच्या दिवशी खोके हलवणारे येतील आणि खोके हलवतील. तोवर सह्या झालेल्या असतील.

७ मे, शनिवार

यादिरा मोजमापं घ्यायला आली आणि बरोबर आईला घेऊन आली. मिलाग्रोसबाई. माझ्याहून लहानच असतील, पण दोन्ही हातांत काठ्या. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना नेल्सनने उचलून खाली आणलं होतं. त्यांना इंग्रजी थोडंच येतं. माझ्यासाठी त्यांनी नारळाच्या दुधातला भात आणला होता, वर दालचिनी भुरभुरलेली.

अंगणातून त्या स्वतःच्या पायांनी तळघरात शिरल्या. एवढ्यानेच त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून कामाला लागल्या: इथे टेबल, इथे देव, इथे टीव्ही. पलंग कुठे, यादिराने विचारलं. मिलाग्रोसबाई भिंतीपाशी गेल्या, पॅनेलला पाठ टेकली आणि डोकं मागे टेकवून डोळे मिटले.

यादिराने मला सांगितलं, "ती म्हणते, उशाला ही भिंत हवी. चांगल्या माणसाच्या हातची आहे म्हणते."

मी वर येऊन स्वयंपाकघराचं दार लावायला गेले. ते हल्ली लागत नाही. खाली घासतं. मी ते ढकलत राहिले आणि माझ्याच मनात आलं, क्लॉडेट, दमट हवेने दार फुगतं ते ऑगस्टमध्ये, मेमध्ये नाही.

त्यांना निरोप दिला. भात खाल्ला नाही.

८ मे, रविवार, मातृदिन

चर्चहून परत आले ती त्याच कपड्यांत खाली गेले. चेटची कटावणी त्याच्या खुंटीवर होती. जिथे मिलाग्रोसबाईंनी डोकं टेकवलं तिथलंच पॅनेल काढायला घेतलं. मला वाटलं होतं झेपणार नाही. खिळे मोजकेच होते, झटकन निघालं. पुन्हा कधीतरी काढून बघता यावं असं त्याने लावलं होतं.

मागे भिंत होती आणि भिंतीभर तडे. प्रत्येक तडा चेटने पुट्टीने भरला होता. पात्याने नाही, बोटाने. खिडकीच्या काचा बसवतानाही तो असंच करायचा, पात्याने कळत नाही म्हणायचा. त्याच्या बोटाची खूण वरून खालपर्यंत उतरत आली होती, आणि नंतर कधीतरी ती पुट्टीही मधोमध फाटली होती. पांढरी भुकटी झिरपून खाली साचली होती. मी एका कडेला हात लावला तर काँक्रीटचा तुकडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला.

मी खाली गालिच्यावर बसले. खूप रडले. चेटच्या मातीच्या वेळी एवढी रडले नव्हते. अख्खा हिवाळा हा माणूस इथे एकटा बसून फटी लिंपत होता आणि मी वरून हाका मारायचे, सूप गार होतंय म्हणून.

वर फोन वाजला. मोनिक, मातृदिनाच्या शुभेच्छा द्यायला. मी म्हटलं, "मी भिंत उघडली."

मग हळूच म्हणाली, "सगळी?"

माझी मुलगी आहे. तिने ‘कोणती भिंत’ विचारायला हवं होतं, ‘का’ विचारायला हवं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलं होतं. मी तेव्हा नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. माझ्याकडून वचन घेतलं त्यांनी." ती रडायला लागली. "आई, त्यांनी खूप विचार केला होता गं. म्हणाले, एक दिवस मी नसेन आणि तुझ्या आईला हे घर विकावं लागेल. तिच्यापुढे तो फॉर्म येईल. तिला माहीत असलं तर ती ‘होय’ लिहून मोकळी होईल आणि रस्त्यावर येईल. तिला खोटं बोलता येत नाही, मोनिक. माहीत नसेल तर ती खरं लिहून सुटेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? ते फार अभिमानाने म्हणाले होते. तिला खोटं बोलताच येत नाही."

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. चेट मला आरपार ओळखतो असंच मी धरून चालले. एवढी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. एप्रिलपर्यंत मलाही नव्हती.

९ मे

बेव्हला बोलावून दाखवलं. ती भिंतीसमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर डायरीतलं हसू नव्हतं. "पॅनेल परत लावलंस तर?" असं एकदा म्हणाली, मग स्वतःच म्हणाली, "नाही. आता मलाही माहीत झालं." व्यवहार मोडला. तिने माझ्यासमोरच यादिराला फोन करून सांगितलं.

तासाभराने यादिराने मला फोन केला. मी कानापासून लांब धरला होता, शिव्या येतील म्हणून.

"मिसेस बिएलाक," तिचा आवाज बसला होता. "आम्ही आता कुठे जाणार, मला ठाऊक नाही. आमची जागा मालकाने दुसऱ्यांना देऊन टाकली. पण मला तुम्हाला सांगायचं होतं... तुमचं सगळं यातच होतं, तरी तुम्ही लगेच सांगितलंत. दुसरं कोणी असतं तर पॅनेल लावून टाकलं असतं. आई तुमच्यासाठी मेणबत्ती लावणार आहे."

मला बोलायचं होतं. "धन्यवाद" एवढंच बाहेर पडलं. ‘धन्यवाद’ म्हणाले मी तिला!

मोनिक म्हणते, घर बँकेला देऊन टाक आणि ये. बँकेचं त्यावर काही देणंच नाही, त्यांनी का घ्यावं? हे घर आता कोणाला देताही येत नाही. मी इथेच राहणार. दुपारी पॉलिन कुंपणाशी उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "जिन्याखाली झोपू नकोस," ती म्हणाली. "आमच्याकडे तिकडची भिंत आधी खाली आली." मी तिला कॉफीला बोलावलं.

१० मे

पहिला फॉर्म रद्द करायचा म्हणून बेव्हने नवा आणला. पायाच्या ओळीत ‘होय’वर खूण केली. खाली तपशील लिहायला जागा असते. काय आणि कधीपासून माहीत.

"आठ मे लिही," बेव्ह म्हणाली. "पॅनेल काढलंस तो दिवस. खरंच आहे ते. कोणी काही म्हणू शकणार नाही."

आठ मे लिहिलं असतं तर टाऊन हॉलच्या खिडकीतून मीसुद्धा तो फॉर्म परत पाठवला नसता. पण चेट मला जशी समजत होता तशी मी निदान त्याच्या मागे तरी एकदा व्हायला हवं होतं. मी लिहिलं: बॉयलरच्या कोपऱ्यातले तडे मी तपासणीच्या आधी पाहिले होते. ते दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे खोके रचले.

बेव्हने पेनवर हात ठेवला. "क्लॉडेट, हे वाचून ते तपासणीचे पैसे मागतील. वकील करतील. पोरगी तुला देवमाणूस समजतेय, राहू दे ना तिला समजू."

"प्रत काढून आण," मी म्हटलं.

प्रत घेऊन मी स्वतः विलिमँटिकला गेले. तिसरा मजला, मध्ये दोनदा पायरीवर बसले. यादिराने दार उघडलं आणि मला बघून तिचे डोळेच भरून आले. "अहो, एवढं चढून कशाला आलात!" म्हणून माझा हात धरला. मागे खोके बांधून ठेवलेले होते, अर्धे पुन्हा उघडलेले.

मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. एकदा वाचून पुन्हा वरून सुरुवात केली. माझा हात तिने केव्हा सोडला ते मला कळलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी," ती म्हणाली, "नेल्सन हलवतो म्हणाला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि काल, मी फोन केला तेव्हाही."

"हो."

आतून मिलाग्रोसबाईंनी कोण आलंय म्हणून विचारलं. तेवढं स्पॅनिश मला कळतं. यादिराने माझ्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "कोणी नाही, आई."

तिने दार लावलं. मी कठडा धरून खाली उतरले.